फॉर्मवर ‘नाही’, लघवीत ‘आहे’: तंबाखूची तपासणी आणि आपली घरं

३ सप्टेंबर २०२५ रोजी दिल्लीत जीएसटी परिषदेची बैठक झाली. त्या एकाच बैठकीतले दोन निर्णय आपल्या घरांपर्यंत दोन वेगळ्या वाटांनी पोहोचले. पहिला निर्णय असा, की वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावर लागणारा १८ टक्के जीएसटी रद्द झाला. २२ सप्टेंबरपासून तो लागूही झाला. दुसरा निर्णय तंबाखूच्या कराचा. सिगारेट, गुटखा, जर्दा, पानमसाला यांना ४० टक्के, आणि विडीला मात्र २८ ऐवजी १८ टक्के. तंबाखूचे हे नवे दर १ फेब्रुवारी २०२६ पासून अमलात आले आहेत.

म्हणजे विमा स्वस्त झाला, विडीवरचा जीएसटी कमी झाला आणि गुटखा-सिगारेटवरचा वाढला. वरवर पाहिलं तर या गोष्टींचा एकमेकांशी संबंध नाही. पण एका छोट्याशा प्लास्टिकच्या डबीत त्या एकत्र येतात. विम्याचा अर्ज भरला की दोन दिवसांनी लॅबचा मुलगा पेटी घेऊन दारात येतो, रक्त घेतो आणि हातात एक डबी देऊन म्हणतो, ‘लघवीचा नमुना द्या.’ घरच्यांना वाटतं, साखर तपासायची असेल. साखर तर तपासतातच. पण मोठ्या रकमेच्या विम्यात अनेकदा आणखी एक गोष्ट तपासली जाते. तिचं नाव कोटिनिन. माणसाने गेल्या काही दिवसांत तंबाखू घेतली की नाही, हे ती सांगते.

विमा घ्यावा की नाही, याबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत. त्याचा निकाल लावण्याची ही जागा नाही. पण कर्जासोबत, नोकरीसोबत किंवा लेकरांच्या काळजीपोटी अनेक घरांत विमा आलेला आहे, ही वस्तुस्थिती आहे. त्या अर्जावर ‘तंबाखूचे सेवन करता का?’ या रकान्यात आपल्याकडे किती सहज ‘नाही’ लिहिलं जातं, हेही आपल्याला माहीत आहे. म्हणून ही तपासणी काय आहे, ती काय सांगते, काय सांगत नाही आणि ती खरं तर कुणासाठी व्हायला हवी, हे नीट समजून घेऊ.

लघवीत नेमकं काय शोधतात?

तंबाखूतलं निकोटीन धुरातून फुप्फुसात जातं, किंवा हिरड्या आणि गालाच्या आतल्या त्वचेतून थेट रक्तात उतरतं. ते रक्तात फार काळ टिकत नाही. साधारण दोन तासांत त्याचं प्रमाण निम्म्यावर येतं. त्यामुळे निकोटीन शोधायला गेलं तर सकाळी पुडी खाल्लेला माणूस संध्याकाळी जवळजवळ सुटून जाईल. पण आपलं यकृत निकोटीनचं रूपांतर दुसऱ्या एका पदार्थात करतं, तो म्हणजे कोटिनिन. निकोटीनचा ७० ते ८० टक्के भाग या वाटेने जातो. कोटिनिन निम्म्यावर यायला साधारण १६ तास लागतात. म्हणून लॅबवाले निकोटीनपेक्षा कोटिनिनच्या मागे लागतात.

मोजमाप नॅनोग्रॅममध्ये होतं. एक नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा अब्जावा भाग. झटपट निकाल देणाऱ्या बऱ्याच पट्ट्यांची मर्यादा एका मिलिलीटर लघवीमागे २०० नॅनोग्रॅम असते. काही ठिकाणी ती १०० किंवा त्याहूनही कमी धरतात. रोज तंबाखू घेणाऱ्याचा आकडा अनेकदा हजाराच्या घरात जातो. घरात दुसरं कुणी ओढत असेल आणि आपण फक्त धूर घेत असू, तर आकडा सहसा एक-दोन अंकी असतो. म्हणून ‘माझ्या शेजारचा ओढत होता, त्यामुळे पॉझिटिव्ह आलं’ ही सबब २०० च्या मर्यादेपुढे टिकत नाही.

‘वांगी, टोमॅटो, बटाट्यातही निकोटीन असतं म्हणे,’ असंही कुणीतरी सांगतं. असतं, पण इतकं नगण्य की भरलं वांगं खाऊन कुणाची तपासणी पॉझिटिव्ह येत नाही.

दुसरी युक्ती म्हणजे भरपूर पाणी पिऊन नमुना देणे. लॅबला ही युक्ती जुनी आहे. त्याच नमुन्यात क्रिएटिनिन नावाचा घटक मोजला की लघवी प्रमाणाबाहेर पातळ आहे हे लगेच कळतं आणि नमुना पुन्हा मागवता येतो.

आता रोजच्या जगण्यातलं एक गणित पाहू. रमजान काही दिवसांवर आला आहे. दिवसभर रोजा आहे, तंबाखू बंद आहे, मग संध्याकाळी शरीर साफ झालं असेल, असं अनेकांना वाटतं. समजा एखाद्याच्या लघवीत सहेरीच्या वेळी १,६०० नॅनोग्रॅम कोटिनिन आहे. १६ तासांनी ते साधारण ८०० होईल, ३२ तासांनी ४०० आणि ४८ तासांनी २००. आपल्याकडचा रोजा १३-१४ तासांचा. म्हणजे इफ्तारपर्यंत आकडा निम्म्यावरही येत नाही, आणि इफ्तारनंतर टपरी गाठली की पुन्हा वर चढतो. प्रत्येकाच्या शरीराप्रमाणे आकडे थोडे मागेपुढे होतील, पण हिशोबाची रीत हीच. रोज तंबाखू घेणाऱ्याच्या लघवीत शेवटच्या चिमटीनंतर तीन-चार दिवस, कधी आठवडाभरही, तिचा माग राहतो.

आणि हो, लघवीचा नमुना दिल्याने रोजा तुटत नाही. त्या कारणाने गरजेची तपासणी पुढे ढकलू नका.

‘तीन-चार दिवस थांबलो तर?’

वरचं गणित वाचून काहींच्या मनात हा प्रश्न आलाच असेल. सरळ उत्तर असं, की नमुना कदाचित स्वच्छ येईल, पण प्रश्न सुटणार नाही. अर्जातला प्रश्न ‘गेल्या चार दिवसांत’ असा नसतो. तो गेल्या वर्षाचा, कधी गेल्या अनेक वर्षांचा असतो. आणि खरी पडताळणी विमा घेताना होत नाही, ती दावा करताना होते.

समजा, तीस-बत्तीस वर्षांचा एक तरुण आहे. गाडी चालवतो, दिवसाला पाच-सहा पुड्या मावा लागतो. एजंटने अर्ज भरला, तंबाखूच्या रकान्यात ‘नाही’वर खूण केली. तरुणाने न वाचता सही ठोकली. दोन वर्षांनी छातीत दुखू लागलं, दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरने नेहमीप्रमाणे विचारलं, ‘काही व्यसन?’ घाबरलेल्या भावाने खरं ते सांगितलं, ‘मावा खातो, दहा वर्षं झाली.’ डॉक्टरने केसपेपरवर लिहून ठेवलं. तरुण वाचला नाही. त्याच्या बेवाने दावा केला तेव्हा कंपनीने पहिल्यांदा तोच केसपेपर मागवला. अर्जावर ‘नाही’ आणि दवाखान्याच्या कागदावर ‘दहा वर्षं’. दावा तिथेच अडकतो.

कायदा काय म्हणतो, तेही माहीत असू द्या. विमा कायदा १९३८ च्या कलम ४५ मध्ये २०१५ साली दुरुस्ती झाली. त्यानुसार आयुर्विमा सुरू होऊन तीन वर्षं उलटली की कंपनीला कोणत्याही कारणाने तो विमा आव्हानित करता येत नाही. ही तीन वर्षं विमा दिल्याची तारीख, जोखीम सुरू झाल्याची तारीख किंवा बंद पडलेला विमा पुन्हा सुरू केल्याची तारीख, यांतली जी शेवटची असेल तिथून मोजतात. तीन वर्षांच्या आत मात्र खोटी माहिती किंवा लपवाछपवी दाखवून कंपनी विमा रद्द करू शकते. त्यात फसवणुकीचा हेतू नव्हता असं ठरलं तर भरलेले हप्ते परत मिळतात. फसवणूक ठरली तर त्यावरही पाणी सोडावं लागू शकतं. आरोग्य विम्यात हीच मुदत २०२४ पासून ६० महिन्यांची आहे, आणि तिथे सिद्ध झालेल्या फसवणुकीला मुदतीनंतरही माफी नाही.

तंबाखू घेणाऱ्याचा हप्ता जास्त असतो, हे खरं आहे. काही वेळा तो दीडपट किंवा त्याहूनही वर जातो. पण जास्त हप्ता भरून मिळणारा विमा आणि कमी हप्त्यात मिळालेला नुसता कागद, यातला फरक शेवटी घरातल्या बाईला आणि लेकरांना भोगावा लागतो. खोटं नवरा बोलतो, दारोदार फिरते बेवा.

म्हणून तीन गोष्टी कराच. अर्ज एजंटने भरला तरी सही करण्याआधी स्वतः वाचा. वाचता येत नसेल तर कॉलेजात जाणाऱ्या मुलीकडून वाचून घ्या. ‘तंबाखू’ या शब्दात मावा, खर्रा, गुटखा, खैनी, तपकीर, मशेरी, हुक्का, विडी सगळं येतं हे लक्षात ठेवा. आणि भरलेल्या अर्जाची, तसंच लॅबच्या अहवालाची प्रत मागून घरात ठेवा. दावा अन्यायाने नाकारला असं वाटलं तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे फी नाही, वकील लागत नाही आणि ५० लाख रुपयांपर्यंतची प्रकरणं ऐकली जातात. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत.

पॉझिटिव्ह म्हणजे नेमकं काय?

ही तपासणी एक गोष्ट चोख सांगते: शरीरात निकोटीन आलं होतं. ते कुठून आलं, हे ती सांगत नाही. सिगारेट, विडी, हुक्का, मावा, मशेरी, ई-सिगारेट, सगळ्यांचं कोटिनिन एकच. तंबाखू सोडण्यासाठी घेतलेला निकोटीनचा च्युइंगम किंवा पट्टी, तिचंही तेच.

इथे एका प्रामाणिक माणसावर अन्याय होऊ शकतो. त्याने महिन्यापूर्वी गुटखा सोडला, डॉक्टरच्या सल्ल्याने निकोटीन गम चघळतो, आणि तपासणीत पॉझिटिव्ह येतो. त्याने गमची माहिती आधीच लिहून द्यावी, औषधाची चिठ्ठी जोडावी आणि दुसऱ्या तपासणीची मागणी करावी. तंबाखूत अ‍ॅनाबेसिन नावाचा आणखी एक घटक असतो, तो औषधी गममध्ये नसतो. लघवीत कोटिनिन आहे पण अ‍ॅनाबेसिन नाही, तर माणूस बहुधा खरं बोलतोय. तसंच पट्टीवरची किंवा साधी तपासणी शंकास्पद वाटली तर मास स्पेक्ट्रोमीटर या यंत्रावर नमुना पुन्हा तपासून घेता येतो. ती जास्त खात्रीची समजली जाते.

आणखी एक तपासणी आहे. एनएनके हे तंबाखूतलं कर्करोग घडवणारं रसायन. शरीरात त्याचं जे रूप होतं त्याला एनएनएएल म्हणतात. ते लघवीत काही आठवडे टिकतं. संशोधनात ते वापरतात, आणि घरात धूर घेणाऱ्या लहान मुलांच्या लघवीतही ते सापडलेलं आहे. म्हणजे बाप गॅलरीच्या दारात उभा राहून ओढतो आणि त्याच्या विषाचा अंश बाळाच्या लंगोटात निघतो. भिवंडी, मालेगाव, मुंब्र्यातल्या दहा बाय दहाच्या खोलीत तर गॅलरीही नसते.

‘मला कसलं व्यसन नाही’

आता त्या घरात वळू, जिथे कुणी सिगारेट ओढत नाही आणि गुटख्याला हातही लावत नाही.

२०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीनुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ माणसं कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेतात. त्यात धूर न निघणारी तंबाखू घेणारे २४.४ टक्के. ओढणारे त्या मानाने फार कमी. बायकांमध्ये साधारण सहापैकी एक तंबाखू घेते. या आकड्यात मशेरीचा वाटा मोठा आहे, कारण ती आपल्याकडे व्यसन समजलीच जात नाही. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू, कुटून केलेली पूड, आणि सकाळी बोटाने दातांना घासणं. दादी लावते, तिची पाहून अम्मी लावते, बाळंतपणानंतर दात दुखतात म्हणून नव्या सुनेलाही कुणीतरी डबी देतं. पहिल्यांदा चक्कर येते, मळमळतं. मग सवय होते. मग ती लावल्याशिवाय पोट साफ होत नाही. दिवसातून एकदा होती ती तीनदा होते.

या बाईला विचारा, ‘तंबाखू खाता का?’ ती म्हणेल, ‘तौबा, नाही.’ ती खोटं बोलत नाही. तिच्या लेखी तंबाखू म्हणजे जे पुरुष चुना लावून मळतात आणि दाढेखाली धरतात ते. मशेरी म्हणजे दात घासणं. पण तिच्या हिरड्यांना हा फरक कळत नाही. निकोटीन तिथूनच रक्तात उतरतं आणि लघवीची तपासणी ते दाखवून देते. रोज्यात मशेरी लावावी का, असा प्रश्न मौलानांना विचारला जातो. त्यांचं उत्तर ते देतीलच. प्रयोगशाळेचं उत्तर एवढंच आहे, की ती दातांवर थांबत नाही.

हे उत्तर सगळ्यात महत्त्वाचं ठरतं ते घरात पाळणा हलणार असतो तेव्हा. मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायकांचा पाठपुरावा करून केलेला एक अभ्यास २००४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या तंबाखू घेणाऱ्या बायकांमध्ये मशेरी लावणाऱ्याच सर्वाधिक होत्या. अशा बायकांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं आणि बाळंतपण सरासरी सहा दिवस आधी झालं. आधीच अशक्त असलेल्या आईच्या पोटातल्या दोन-अडीच किलोच्या बाळासाठी शंभर ग्रॅम ही लहान गोष्ट नाही.

गरोदरपणात शरीर कोटिनिन जवळजवळ दुप्पट वेगाने संपवतं. १६ तासांऐवजी सुमारे नऊ तासांत ते निम्म्यावर येतं. म्हणजे गरोदर बाईचा आकडा कमी दिसला तरी तिने कमीच तंबाखू घेतली असं समजता येत नाही. ही गोष्ट लॅबच्या कागदावर छापलेली नसते, ती डॉक्टरने समजावून सांगावी लागते.

पण मुळात सरकारी दवाखान्यात गरोदरपणाची नोंद होते तेव्हा रक्त, साखर, बीपी, वजन सगळं पाहतात, कोटिनिन नाही. तपासणी जाऊ द्या, ‘मशेरी लावता का?’ असा त्या शब्दातला प्रश्न तरी किती ठिकाणी विचारला जातो? ‘व्यसन आहे का?’ म्हटलं की उत्तर ‘नाही’ येणार आणि कागदावर तेच उतरणार.

विडी वळणारे हात

आता त्या १८ टक्क्यांकडे येऊ. विडीवरचा जीएसटी कमी करताना विडी कामगारांचं पोट, हे कारण पुढे येतं. ते खोटं नाही. सोलापूर, सिन्नर, संगमनेर, कामठी, गोंदिया, भंडारा इथे हजारो घरांची चूल विड्यांवर पेटते. वळणाऱ्या बहुतेक बायका. त्यात पद्मशाली, दलित घरांतल्या आहेत, तशा मुस्लिम घरांतल्याही आहेत. परदा पाळून, घर न सोडता चार पैसे मिळतात म्हणून अनेकींनी हे काम धरलं. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं, बाजूला झोपलेलं लेकरू. पण कराचा दर ठरवताना तिचं नाव घेतलं जातं, तिच्या शरीराची तपासणी मात्र कुणी करत नाही.

मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरच्या कर्करोग संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला विडी कामगारांच्या लघवीची तपासणी केली होती. ज्यांना तंबाखूची सवय नव्हती, फक्त काम होतं, त्यांच्याही शरीरात तंबाखूचे घटक जात असल्याचं कोटिनिनवरून दिसलं. ही बाई विडी ओढत नाही, तंबाखू खात नाही. ती फक्त दिवसभर तिला हात लावते आणि तिची धूळ श्वासात घेते. तिचा आकडा विमा कंपनीची मर्यादा ओलांडेल की नाही, हे तिच्या खोलीच्या हवेवर आणि कामाच्या तासांवर अवलंबून राहील. पण अर्ज भरताना तिने आपला धंदा ‘गृहिणी’ न लिहिता ‘विडी कामगार’ असाच लिहावा. उद्या अहवालात काही निघालं तर तोच तिचा बचाव आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. विडी-सिगार कामगारांसाठीचा १९६६ चा स्वतंत्र कायदा त्यात विलीन झाला. नव्या संहितेत ठरावीक कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी करण्याची तरतूद आहे. कारखान्यात येणाऱ्या कामगाराला ती मिळेल. पण ठेकेदाराकडून पानं-तंबाखू आणून घरी विड्या वळणाऱ्या खालाला ती कोण देणार? तिचं ओळखपत्र कुणाकडे, मालक कोण, हेच अनेकदा स्पष्ट नसतं. संघटना आणि लोकप्रतिनिधी यांनी नियमावलीवर बोलताना हा एक मुद्दा धरला पाहिजे: विडी कामगारांच्या वार्षिक तपासणीत छातीचा एक्स-रे जितका गरजेचा, तितकाच लघवीतला कोटिनिन. आणि ती घरी वळणाऱ्या बाईलाही मिळाली पाहिजे.

मुलाची गुपचूप तपासणी करावी का?

कोटिनिनच्या पट्ट्या आता ऑनलाइन मिळतात. ‘मुलगा कॉलेजात काय करतो कळत नाही, एकदा तपासूनच पाहू’ असं काही पालकांना वाटतं. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, हुक्का पार्लरवर २०१८ पासून आणि देशभर ई-सिगारेटवर २०१९ पासून. तरी या तिन्ही गोष्टी मुलांपर्यंत पोहोचतात. त्यामुळे पालकांची भीती खोटी नाही.

तरीही थांबा. पट्टीवर रेघ आली किंवा नाही आली, यातून मुलाशी काय बोलायचं ते ठरत नाही. निगेटिव्ह आली म्हणजे तो घेतच नाही असं नाही. कदाचित आठवडाभर घेतली नसेल. पॉझिटिव्ह आली तर मार, शिव्या, घराबाहेर काढण्याची धमकी, आणि पुढच्या वेळी मुलगा आणखी सफाईने लपवायला शिकतो. त्यातही बाप स्वतः जुम्म्याच्या नमाजनंतर कोपऱ्यावरच्या टपरीकडे वळत असेल, तर पट्टी मुलाच्या हातात देण्याचा त्याला कितपत हक्क आहे? तपासणी करायचीच असेल तर मुलाला सांगून, डॉक्टरसमोर आणि आपलीही करून. बाप-लेकांनी एकत्र नमुना दिला तर त्या घरात काहीतरी बदलण्याची शक्यता आहे.

तपासणी कुणाच्या हातात?

हा सगळ्या चर्चेचा गाभा आहे. आज या तपासणीचा उपयोग सर्वात नेटाने कोण करतं? विमा कंपनी. तिला स्वतःचं नुकसान टाळायचं असतं, म्हणून ती घरापर्यंत माणूस पाठवते, नमुना नेते आणि हप्त्याचा आकडा बदलते. त्यात गैर काही नाही, तो तिचा धंदा आहे. पण हीच तपासणी जिथे एखादं आयुष्य वाचवू शकेल, त्या गरोदर बाईच्या दवाखान्यात ती नाही, विडी वळणाऱ्या खोलीत नाही, दम्याने बेजार पोराच्या केसपेपरवर नाही. पैशाची जोखीम मोजायला जे साधन आहे, ते जिवाची जोखीम मोजायला का नसावं?

तिथे ती आणताना एक काळजी घ्यावी लागेल. तपासणी संमतीने व्हावी, आणि निकाल बाईच्या हातात पडावा, सासूच्या किंवा ठेकेदाराच्या नाही. विडी कामगार पॉझिटिव्ह आली म्हणून तिचं काम काढून घेतलं, तर पुढच्या वर्षी एकही बाई नमुना देणार नाही. आकडा पकडण्यासाठी नसावा, सोडवण्यासाठी असावा.

मोहल्ला पातळीवर बरंच काही सरकारची वाट न पाहता करता येईल. आपल्याकडे आरोग्य शिबिरं होतात, मशिदीच्या हॉलमध्ये, मदरशाच्या आवारात साखर आणि बीपी तपासतात. तिथे बायकांच्या रांगेत बसणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी एक प्रश्न वाढवावा: ‘मशेरी किती वेळा लावता?’ ‘लावता का?’ असं न विचारता ‘किती वेळा?’ विचारलं की उत्तर खरं येण्याची शक्यता वाढते. शिबिराला परवडत असेल तर गरोदर बायकांसाठी कोटिनिनची तपासणी ठेवावी. जुम्म्याच्या बयानात व्याजावर, शेजाऱ्याच्या हक्कावर बोललं जातं, तसं महिन्यातून एकदा या अमानतीवरही बोललं जावं. शरीर ही अल्लाहने दिलेली अमानत आहे, हे आपण लेकरांना शिकवतो. त्या अमानतीचा हिशोब फक्त विमा कंपनीने मागावा, हे बरं दिसत नाही.

रमजान दारात आहे

शेवटी पुन्हा त्या १६ तासांकडे येऊ. ज्या गणिताने लपवणाऱ्याला पकडलं, तेच सोडणाऱ्याच्या कामाचं आहे. रोजा रोज १३-१४ तास तंबाखूशिवाय राहायला शिकवतो. म्हणजे रोजेदाराने अर्धी लढाई दिवसा जिंकलेली असते. ती हरते इफ्तार आणि तरावीहच्या मधल्या अर्ध्या तासात. तो अर्धा तास सांभाळला, खजुरीनंतर टपरीऐवजी घराकडे पाय वळवले, तर चार-पाच दिवसांत लघवीतला आकडा जमिनीला टेकतो. तलफ त्याहून जास्त दिवस छळते, चिडचिड होते, झोप उडते. त्यासाठी मदत घेण्यात कमीपणा नाही. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनचा नंबर १८००-११-२३५६, फोन मोफत आहे. दोन मिलिग्रॅमचा निकोटीन गम औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतो. पण गम रोज्यात चघळायचा नाही, तो इफ्तारनंतरच. पट्टीबद्दल आपल्या आलिमांना आणि डॉक्टरांना विचारून घ्या. मशेरी सोडणाऱ्या दादीला घरच्यांनी थोडे दिवस सांभाळून घ्यावं, तिच्या तिखट बोलण्याचा राग धरू नये.

कयामतच्या दिवशी आपले हातपाय आपल्याविषयी साक्ष देतील, असा आपला अकीदा आहे. लॅबच्या डबीतली साक्ष त्यामानाने फार छोटी आहे. ती देण्याची वेळ आली तर अर्जावरही खरं लिहा. आणि ईदनंतर एकदा, कुणी मागितलेली नसताना, फक्त स्वतःसाठी तपासणी करून पाहा. ज्या घरात त्या कागदावर ‘निगेटिव्ह’ येईल, तिथे हप्ता कमी होईल हा भाग वेगळा. बाळाच्या पाळण्याजवळची हवा स्वच्छ झाली, ही खरी कमाई.